मार्टिन क्नुडसेन : समुद्राच्या पाण्याला प्रमाण देणारा शास्त्रज्ञ



भूगोलाच्या तासाला आपण मुलांना सांगतो की सागरजलाची सरासरी क्षारता ३५ आहे, म्हणजे एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मुले आकडा वहीत लिहून घेतात आणि पाठही करतात. पण हा आकडा मोजला कसा, असे एखाद्या मुलाने विचारले तर आपण काय सांगणार?

आजकाल काही घरांत आणि शाळांत खाऱ्या पाण्याचा फिश टँक दिसतो. त्यात क्लाउन फिश, कोळंबी, कधी जिवंत प्रवाळही असतात. हे जीव क्षारतेच्या बाबतीत फार नाजूक असतात, म्हणून टाकीचे पाणी सतत तपासावे लागते. त्यासाठी क्षारता मोजणारा प्रोब मिळतो. पाण्यात बुडवला की पडद्यावर ३५ किंवा ३३ असा आकडा येतो. पण नव्या प्रोबला हा आकडा आपोआप कळत नाही. त्याला आधी शिकवावे लागते. क्षारता ठाऊक असलेल्या द्रावणाची एक छोटी बाटली असते. तिच्यात प्रोब बुडवायचा आणि हे ३५ आहे असे त्याला ठरवून द्यायचे. यालाच कॅलिब्रेशन किंवा अंशांकन म्हणतात.

आता खरा प्रश्न येतो. प्रोबला बाटलीने शिकवलं, पण बाटलीला कोणी शिकवलं? त्या बाटलीतले पाणी ३५ चे आहे हे कोणी ठरवले आणि साऱ्या जगाने ते का मानले? या प्रश्नाचा माग काढत गेलो की आपण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या डेन्मार्कमध्ये जाऊन पोहोचतो. तिथे आपल्याला मार्टिन क्नुडसेन भेटतात.

जन्म आणि शिक्षण

मार्टिन हान्स क्रिस्टियन क्नुडसेन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८७१ रोजी डेन्मार्कच्या फ्युन बेटावरील हास्मार्क येथे झाला. डेन्मार्क हा बेटांचा देश. एका बाजूला उत्तर समुद्र आणि दुसऱ्या बाजूला बाल्टिक समुद्र. उत्तर समुद्राचे पाणी चांगलेच खारट असते. बाल्टिकला मात्र अनेक नद्या येऊन मिळतात, त्यामुळे त्याच्या मोठ्या भागात वरच्या पाण्याची क्षारता जेमतेम ७-८ असते. ही दोन्ही पाणी डेन्मार्कच्या सामुद्रधुन्यांत एकमेकांना भेटतात. हलके पाणी वरून बाहेर वाहते आणि जड, खारट पाणी खालून आत सरकते. क्षारतेचा अभ्यास करायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

क्नुडसेन कोपनहेगन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले. १८९५ मध्ये त्यांना विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले आणि १८९६ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. पुढचे जवळजवळ सगळे आयुष्य त्यांनी याच विद्यापीठात काढले. १९०१ मध्ये ते तिथे अध्यापक झाले आणि १९१२ मध्ये प्राध्यापक. १९४१ पर्यंत ते त्या पदावर होते. म्हणजे बघा, शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव आहेच, पण चाळीस वर्षे शिकवणारा माणूस म्हणून ते आपल्याच जातकुळीतले.

इंगोल्फ जहाजावरचे दिवस

शिक्षण चालू असतानाच त्यांना एक मोठी संधी मिळाली. १८९५ आणि १८९६ च्या उन्हाळ्यांत डेन्मार्कच्या नौदलाचे इंगोल्फ हे जहाज आइसलँड आणि ग्रीनलँडच्या समुद्रात संशोधनासाठी निघाले. समुद्राच्या पाण्याचे मापन करण्याचे काम या चोवीस-पंचवीस वर्षांच्या तरुणाकडे आले.

त्या काळी जहाजावर असे मापन करणे म्हणजे काय, ते मुलांना जरूर सांगा. दोरीला बांधलेली बाटली खोल समुद्रात सोडायची. ठरलेल्या खोलीवर ती बंद करायची. वर ओढून तापमान नोंदवायचे, पाणी दुसऱ्या बाटलीत काढायचे आणि मग हलणाऱ्या जहाजावर त्याचे रासायनिक परीक्षण करायचे. वर थंडी, वारा आणि लाटा. कितीही जपून काम केले तरी चूक कुठून शिरेल याचा नेम नसे. पाणी घेण्याची साधने, पिपेट, ब्युरेट या सगळ्यांत सुधारणा करण्याचा क्नुडसेन यांचा ध्यास पुढे आयुष्यभर टिकला. क्षारता मोजण्यासाठी त्यांनी तयार केलेली पिपेट आणि ब्युरेट पुढे अनेक दशके जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली.

एका घटकावरून सगळे कसे कळते?

तुम्ही म्हणाल, क्षारता मोजायला एवढा खटाटोप कशाला? एक किलो पाणी घ्यावे, आटवावे आणि उरलेले मीठ तोलावे. कोकणातल्या मुलाने मिठागर पाहिलेले असते. तोही हेच सुचवील. पण हा सरळ दिसणारा मार्ग फसवा आहे. समुद्राच्या पाण्यात नुसते खायचे मीठ नसते. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, कार्बोनेट असे बरेच काही असते. पूर्ण कोरडे करायला जावे तर मॅग्नेशियम क्लोराइडमधून हायड्रोक्लोरिक आम्ल निघून जाते आणि कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड. कमी तापवावे तर क्षार पाणी धरून ठेवतात. मग तोलायचे तरी काय?

यातून सुटण्याची वाट दोन संशोधकांनी दाखवली होती. कोपनहेगनचेच योहान गेओर्ग फोर्खहॅमर यांनी १८६५ मध्ये निरनिराळ्या समुद्रांच्या पाण्याचे पृथक्करण प्रसिद्ध केले. पुढे चॅलेंजर जहाजाने जगभरातून आणलेले ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष मांडले. दोघांना एकच गोष्ट दिसली. मोकळ्या महासागरात क्षारांचे एकूण प्रमाण कमीजास्त होते, पण मुख्य क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळजवळ सारखेच राहते.

हे गोडा मसाल्यासारखे समजा. आईने एकदा मसाला करून बरणीत भरला की धणे, तीळ, खोबरे यांचे आपसातले प्रमाण ठरून गेले. आमटीत एक चमचा घाला नाहीतर तीन घाला, आमटी सौम्य होईल किंवा झणझणीत होईल, पण मसाल्यातले प्रमाण तेच. मग त्या आमटीत धणे किती आहेत एवढे कळले तरी मसाला किती घातला ते सांगता येईल. समुद्रात हे काम क्लोरीन करते. पाण्यात सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब टाकले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका तयार होतो. किती सिल्व्हर नायट्रेट लागले यावरून क्लोरीनचे प्रमाण कळते आणि क्लोरीनवरून एकूण क्षारता.

(मृत समुद्राला मात्र हा नियम लागू पडत नाही. तो खरे तर सरोवर आहे आणि त्यातल्या क्षारांची घडणच वेगळी आहे. मुलांनी विचारले तर हे लक्षात असू द्या.)

मग अडचण कुठे होती?

रीत सापडली होती, तरी मोजमाप जुळत नव्हते. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ स्वतःचे सिल्व्हर नायट्रेट बनवी, जर्मनीचा त्याचे, नॉर्वेचा त्याचे. प्रत्येकाची काचेची भांडी वेगळी, अणुभारांचे आकडे वेगळे आणि साका पूर्ण झाला हे ओळखणारा डोळाही वेगळा. प्रत्येकाचे आकडे स्वतःशी छान जुळत. शंभर वेळा मोजले तरी तेच उत्तर येई. पण दोन देशांच्या वह्या शेजारी ठेवल्या की फरक दिसे.

आपल्याला हा प्रसंग नवा नाही. पेपर तपासणीत काय होते ते आठवा. एक परीक्षक हात आखडता ठेवतो आणि दुसरा सढळ असतो. दोघेही प्रामाणिक असतात आणि दोघेही आपापल्या जागी सुसंगत असतात. पण एकाच उत्तराला एकाकडे ३ गुण मिळतात आणि दुसऱ्याकडे ५. म्हणून तर नमुना उत्तरपत्रिका आणि मॉडरेशन लागते. आधी सगळ्यांनी एकच नमुना तपासायचा, आपला हात किती कडक किंवा सैल आहे ते पाहायचे आणि मगच पुढचा गठ्ठा सोडायचा.

समुद्राच्या बाबतीत हा फरक छोटा म्हणून सोडून देण्यासारखाही नव्हता. खोल महासागरात ठिकठिकाणच्या क्षारतेतला फरक पुष्कळदा दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकात असतो. पाण्याची घनता क्षारता आणि तापमान यांवर ठरते आणि त्या घनतेवरून खोल प्रवाहांचा अंदाज बांधतात. मापातली चूकच जर खऱ्या फरकापेक्षा मोठी असेल तर नकाशावर जो प्रवाह दिसेल तो समुद्रात नसेलच. तो दोन प्रयोगशाळांच्या भांड्यांमधला फरक असेल.

शिवाय यात पोटाचा प्रश्न होता. उत्तर युरोपच्या किनाऱ्यावर हजारो कुटुंबे हेरिंग माशावर जगत होती. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर हेरिंगचे थवे दीर्घकाळ दिसेनासे झाले आणि १८७० च्या दशकाच्या अखेरीस अचानक परतले. ऑटो पेटरसन आणि गुस्टाफ एकमन या स्वीडिश संशोधकांनी त्याचा संबंध किनाऱ्याजवळ येणाऱ्या वेगवेगळ्या क्षारतेच्या पाण्याशी जोडला. मासा कधी आणि कुठे येईल हे समजून घ्यायचे तर अनेक देशांना मिळून एक समुद्र मोजावा लागणार होता. त्यासाठी सगळ्यांचे माप एकच हवे होते.

स्टॉकहोमची परिषद आणि तक्ते

१८९९ मध्ये स्टॉकहोमला उत्तर युरोपातील देशांच्या संशोधकांची परिषद भरली. समुद्राचे मापन सर्वांनी एकाच पद्धतीने करायचे ठरले. त्यासाठी क्षारता, क्लोरीन आणि घनता यांचा परस्परसंबंध नव्याने, काटेकोरपणे मोजायला हवा होता. त्या कामाची धुरा २८ वर्षांच्या क्नुडसेन यांच्याकडे आली.

त्यांचे दोन सहकारी होते, कार्ल फोर्ख आणि एस. पी. एल. सोरेन्सेन. यातले सोरेन्सेन तुम्हाला दुसऱ्या कारणाने माहीत आहेत. १९०९ मध्ये ज्यांनी पीएच ही संकल्पना मांडली, तेच हे. आज फिश टँकवाल्याच्या हातात क्षारतेचा प्रोब आणि पीएच मीटर ही दोन उपकरणे असतात. त्या दोन्ही मापांमागची माणसे एका वेळी एकाच कामावर होती, ही गंमत विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखी आहे.

या तिघांनी नऊ नमुन्यांवरून सूत्र काढले. क्षारता म्हणजे १.८०५० गुणिले क्लोरीनचे प्रमाण, अधिक ०.०३०. दोन्ही आकडे एक किलो पाण्यातल्या ग्रॅममध्ये. १९०१ मध्ये क्नुडसेन यांचे जलमापनाचे तक्ते प्रसिद्ध झाले. क्लोरीनचा आकडा शोधा आणि त्यासमोर क्षारता व घनता वाचा, इतके ते सोपे होते. पुढची साठेक वर्षे जगभरच्या जहाजांवर हे तक्ते वापरात होते. १९०२ मध्ये समुद्र संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद कोपनहेगनमध्ये स्थापन झाली. ती संस्था आजही काम करते आहे.

बाटलीत बंद केलेले प्रमाण

तक्ते झाले, पण नुसत्या तक्त्यांनी सगळ्यांचे हात सारखे होत नाहीत. क्नुडसेन यांचे सर्वांत दूरगामी काम पुढचे आहे आणि ते दिसायला अगदी साधे आहे. त्यांनी जगाला समुद्राचे प्रमाणित पाणी पुरवायला सुरुवात केली.

उत्तर अटलांटिकचे पाणी आणायचे. ते गाळायचे, नीट ढवळून एकजीव करायचे आणि क्षारता ३५ च्या आसपास आणायची. मग काचेच्या नळ्यांत भरून नळीचे तोंड वितळवून बंद करायचे. बूच नको आणि झाकणही नको, कारण बुचातून पाण्याची वाफ हळूहळू निघून जाते, क्षार मागे राहतात आणि पाणी नकळत जास्त खारट होते. वितळवून बंद केलेल्या काचेतून काही जात नाही. प्रत्येक घाण्याचे क्लोरीन अतिशय काळजीपूर्वक मोजायचे आणि तो आकडा नळीवर लिहायचा.

आता कोणत्याही देशातल्या संशोधकाने काय करायचे? आधी ही नळी फोडायची आणि स्वतःच्याच ब्युरेटने, स्वतःच्याच सिल्व्हर नायट्रेटने तिच्यातले पाणी मोजायचे. नळीवर लिहिलेला आकडा आणि आपला आकडा यांत जो फरक पडेल तेवढी आपल्या हाताची चूक. मग आपले नमुने मोजायचे आणि ती चूक वजा करायची. झाली ना नमुना उत्तरपत्रिका!

सुरुवातीची काही वर्षे या सगळ्या कामाला नॉर्वेतील क्रिस्टियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथील मध्यवर्ती प्रयोगशाळेची जोड होती. तिचे प्रमुख होते ध्रुवप्रदेशाचे प्रसिद्ध संशोधक फ्रिट्योफ नान्सेन. १९०८ मध्ये ती प्रयोगशाळा बंद झाल्यावर प्रमाणित पाण्याचे काम कोपनहेगनमध्ये क्नुडसेन यांच्या देखरेखीखाली चालले. जगभर हे पाणी कोपनहेगन पाणी याच नावाने ओळखले जाऊ लागले.

यात वेगळे काय ते लक्षात घ्या. क्नुडसेन यांनी कोणत्याही देशाला तुमचे उपकरण टाकून आमचे घ्या असे सांगितले नाही. ज्याचे त्याचे उपकरण ज्याच्या त्याच्याकडे राहिले. सामायिक झाला तो फक्त एक नमुना. त्यामुळे वेगवेगळ्या देशांचे, एरवी एकमेकांवर फारसा विश्वास न ठेवणारे संशोधकही एकमेकांच्या वह्या वापरू शकले.

वायूंचा अभ्यास

मुलांना वाटेल, हे गृहस्थ जन्मभर पाणीच मोजत बसले. तसे नाही. भौतिकशास्त्रात क्नुडसेन हे नाव वायूंसाठी जास्त प्रसिद्ध आहे. भांड्यातील हवा खूप विरळ केली की तिचे रेणू एकमेकांवर आदळण्याऐवजी भांड्याच्या भिंतींवरच आदळत राहतात. अशा वायूचे वागणे नेहमीच्या वायूपेक्षा वेगळे असते. १९०९ च्या सुमारास क्नुडसेन यांनी यावर मूलभूत प्रयोग केले. रेणू दोन टकरींच्या मध्ये सरासरी किती अंतर जातो आणि भांडे केवढे आहे, या दोहोंच्या गुणोत्तराला आज क्नुडसेन अंक म्हणतात.

त्यांनी १९१० मध्ये अतिशय कमी दाब मोजणारे एक दाबमापकही बनवले. त्याचा विशेष असा की ते दुसऱ्या दाबमापकाशी ताडून पाहावे लागत नसे. तापमान आणि उपकरणाची मापे यांवरून दाब थेट गणिताने काढता येई. यातून त्यांच्या मनाची घडण दिसते. माप विश्वासार्ह करायचे दोन मार्ग असतात. एक तर ते मूळ तत्त्वावरून गणिताने काढता आले पाहिजे, नाहीतर सर्वांना मान्य अशा एका नमुन्याशी ते ताडून पाहता आले पाहिजे. वायूंसाठी त्यांनी पहिला मार्ग घेतला आणि समुद्रासाठी दुसरा.

१९११ च्या पहिल्या सॉल्व्हे परिषदेचे आणि १९२७ च्या पाचव्या परिषदेचे छायाचित्र आपण अनेक शाळांच्या विज्ञान कक्षात पाहतो. आइन्स्टाइन, मेरी क्युरी, प्लांक यांना मुले बोट दाखवून ओळखतात. त्या दोन्ही छायाचित्रांत क्नुडसेनही आहेत. १९१२ मध्ये ते प्राध्यापक झाले तेव्हा तरुण नील्स बोर काही काळ त्यांचे सहायक होते. १९१७ ते १९४५ अशी दीर्घ वर्षे क्नुडसेन यांनी डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीचे सचिवपदही सांभाळले.

म्हातारपणी स्वतःचाच पाया तपासला

आता त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. प्रत्येक नवे प्रमाणित पाणी आधीच्या पाण्याशी ताडून तयार होई. पण अशी साखळी लांबली की प्रत्येक कडीत थोडी थोडी चूक साठू शकते. शिवाय क्लोरीनचे प्रमाण अणुभारांवरून काढले जात होते आणि अणुभारांचे स्वीकृत आकडे काळानुसार सुधारत होते. म्हणजे समुद्र तोच राहणार आणि त्याचा आकडा मात्र बदलणार, असे व्हायची वेळ आली.

क्नुडसेन तेव्हा पासष्टी ओलांडलेले होते. तीस-पस्तीस वर्षे सारे जग त्यांचे पाणी वापरत होते. आहे तसे चालू द्या म्हणणे सोपे होते. तसे न करता १९३७ मध्ये नवे मूळ प्रमाण तयार झाले. मग याकोबसेन या सहकाऱ्यासोबत त्यांनी १९४० मध्ये क्लोरीनच्या मापाची नवी व्याख्या मांडली. ती शुद्ध चांदीवर आधारलेली होती. ०.३२८५२३४ किलोग्रॅम समुद्राच्या पाण्यातील क्लोरीन आणि त्याच्या जातीची इतर मूलद्रव्ये साक्याच्या रूपाने बाहेर काढायला जितके ग्रॅम शुद्ध चांदी लागते, तो आकडा म्हणजे क्लोरीनचे माप. शुद्ध चांदी कुठेही, कधीही तोलता येते. उद्या साऱ्या नळ्या फुटल्या तरी प्रमाण पुन्हा उभे करता येणार होते. त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, जर्मनीने डेन्मार्क व्यापला. ते पाहिले म्हणजे या सावधगिरीची किंमत कळते.

युद्ध संपले. २७ मे १९४९ रोजी कोपनहेगनमध्ये क्नुडसेन यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर काय झाले?

क्नुडसेन यांचे सूत्र अखेरचा शब्द ठरले नाही. त्यातला ०.०३० हा आकडा खटकणाराच होता. पाण्यात क्लोरीन अजिबात नसले तरी सूत्र थोडी क्षारता दाखवतेच! याचे कारण त्यांच्या नमुन्यांत बाल्टिकचे पाणीही होते आणि तिथल्या नद्या क्लोरीन नसलेले इतर क्षार घेऊन येतात. १९६० च्या दशकात हे सूत्र बदलून क्षारता म्हणजे १.८०६५५ गुणिले क्लोरीन असे साधे करण्यात आले.

दरम्यान मोजण्याची पद्धतही बदलली. खारे पाणी जितके जास्त खारट तितकी त्यातून वीज सहज वाहते. ही विद्युतवाहकता मोजणारी उपकरणे आली आणि सिल्व्हर नायट्रेट मागे पडले. १९७८ मध्ये क्षारतेची नवी व्याख्या वाहकतेवर आधारून ठरली. एक किलो द्रावणात ३२.४३५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असले की १५ अंश सेल्सिअसला त्याची जी वाहकता असते, तीच ३५ क्षारतेच्या समुद्राच्या पाण्याची. प्रमाणित पाणी बनवण्याचे काम १९७० च्या दशकात कोपनहेगनहून इंग्लंडमध्ये गेले. ते आजही चालू आहे, आणि आता त्या पाण्यासोबत वाहकतेचा आकडा असतो.

सूत्र बदलले, व्याख्या बदलली, गाव बदलले, पण एकच नमुना सर्वांनी आधी मोजायचा ही क्नुडसेन यांची रीत बदलली नाही. आपल्या हिंदी महासागराचेही त्यात हित झाले. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांच्या जहाजांनी हा महासागर मोजला. त्यांचे आकडे एका नकाशावर मांडता आले ते अशा सामायिक मापांमुळेच. याच मोहिमेतून पुढे १९६६ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली.

फिश टँकच्या प्रोबपर्यंत

आता प्रोबकडे वळू. कॅलिब्रेशनच्या बाटलीवर ३५ हा आकडा किंवा २५ अंशांना सुमारे ५३ मिलीसीमेन्स प्रति सेंटिमीटर असे लिहिलेले असते. ३५ क्षारतेच्या समुद्राच्या पाण्याची वाहकता त्या तापमानाला तेवढी असते. ही बाटली म्हणजे क्नुडसेन यांच्या काचनळीची दूरची नात.

प्रोब आधी शुद्ध पाण्याने धुवायचा आणि झटकायचा. थोड्या प्रमाणित द्रावणाने विसळून ते द्रावण फेकून द्यायचे. ते परत बाटलीत ओतायचे नाही, नाहीतर बाटलीच बिघडते. मग ताज्या द्रावणात बुडवून हलवायचे, म्हणजे अडकलेले बुडबुडे निघतात. प्रोब आणि द्रावण एकाच तापमानाला येऊ द्यायचे, कारण तापमान एक अंशाने वाढले की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते. आकडा स्थिर झाला की मगच तो ठरवून द्यायचा. बाटलीचे झाकण लगेच घट्ट लावायचे. का, ते आता तुम्हाला माहीत आहे.

घरच्या मिठाचे ३५ ग्रॅम घालून केलेले द्रावण अशा प्रोबला चालत नाही. नुसत्या मिठाच्या पाण्याची वाहकता तेवढ्याच क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त असते, कारण समुद्राच्या मसाल्यात मॅग्नेशियम आणि सल्फेटही असतात.

हे सगळे न केले तर काय होते? प्रोबवर शेवाळ-क्षारांचा थर बसतो किंवा बुडबुडा अडकतो. तो ३५ च्या पाण्याला ३२ म्हणू लागतो, आणि रोज न चुकता ३२ च म्हणतो. मालक पाण्यात मीठ घालतो. उपकरण समाधानाने ३५ दाखवते, पण पाणी ३८ च्या पलीकडे गेलेले असते. कोळंबी आणि प्रवाळ हे सांगू शकत नाहीत. ते फक्त मरतात. उपकरण रोज तेच सांगते म्हणजे ते खरे सांगते, असे नाही.

वर्गात काय करता येईल?

१) पेंढ्याचे अंशांकन : तीन गट करा. प्रत्येकाने प्लॅस्टिकच्या स्ट्रॉचे एक टोक मातीच्या गोळ्याने बंद करून ती पाण्यात उभी तरंगवावी आणि मनाला येईल तशी मापपट्टी आखावी. मग तिन्ही गटांना एकच मिठाचे पाणी द्या. तीन उत्तरे येतील. आता साधे पाणी म्हणजे ० आणि ३५ ग्रॅम मीठ अधिक ९६५ ग्रॅम पाणी म्हणजे ३५ अशी दोन सामायिक प्रमाणे द्या. पट्टी नव्याने आखून तेच पाणी पुन्हा मोजू द्या. इथे आपण वाहकता नाही, घनता मोजत आहोत, आणि तीन गटांचे माप जुळवायला मिठाचे पाणी पुरेसे आहे. (दोन खुणांत अंतर दोन-तीन मिलिमीटरच पडते, म्हणून बारीक पेन वापरा.)

२) गणित : क्लोरीन १९.३८१ असेल तर क्नुडसेन यांच्या सूत्राने क्षारता किती? नव्या सूत्राने किती? फरक दशांशाच्या कितव्या अंकात येतो?

३) चर्चा : घड्याळ, तराजू, थर्मामीटर, परीक्षेतले गुण. यांतले प्रत्येक माप कशाशी ताडून पाहिले जाते? ज्याच्याशी ताडतो ते कोणी तपासले?

तिसरा प्रश्न मुलांना नक्की विचारा आणि लगेच उत्तर देऊ नका. क्नुडसेन यांच्या नावावर नवा समुद्र नाही की नवा ग्रह नाही. पण जो आकडा आपण मानतो तो कशावर उभा आहे, हे विचारायची सवय त्यांच्या आयुष्यातून मुलांना मिळाली, तर ३५ हा आकडा पाठ केल्याचे सार्थक होईल.